घरापासून फाटकापर्यंत

मुंबईच्या परळ-लालबाग भागांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना गिरणीच्या भोंग्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं. त्या वस्तींतील पुष्कळ घरांत घड्याळ नसे आणि त्याची फारशी अडचणही भासत नसे. पहांटेचा भोंगा झाला कीं चूल पेटे, पुढचा झाला कीं माणसें जिने उतरूं लागत, आणि शेवटचा होण्यापूर्वीं गिरणीच्या फाटकाच्या आंत पाऊल पडलेंच पाहिजे, हें लहान मुलालाही ठाऊक असे. भोंगा मालकाचा, परंतु चाळीच्या जिन्यापासून फाटकापर्यंतची वाट मात्र कामकऱ्याची. त्या वाटेवर पाऊस, अंधार, चिखल, गर्दी जें कांहीं असेल त्याचा हिशेब गिरणीच्या वहींत कोठेंच लिहिला जात नसे.

ही वाट दिसावयास लहान, पण तिचा इतिहास लांब आहे. कामावर जाणाऱ्याला कामापर्यंत पोंचविण्याचा भार कोणीं वाहावा, आणि वाटेंत त्याचें कांहीं बरेंवाईट झालें तर त्याच्या मुलाबाळांना कोणीं पाहावें, हे ते दोन प्रश्न होत. दिवसा काम करून दिवेलागणीला घरीं परतणाऱ्याला ते तितकेसे जाणवत नाहींत. परंतु मध्यरात्रीं कामावर जाणारा किंवा मध्यरात्रीं कामावरून सुटणारा जो माणूस, त्याच्या बाबतींत हे प्रश्न जीवनमरणाचे ठरले आहेत.

१८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत सुताच्या गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनीं ताडदेव येथें तिचें काम सुरू झालें. पुढच्या तीसचाळीस वर्षांत गिरण्यांची रांग भायखळ्यापासून परळपर्यंत उभी राहिली. त्या काळीं कामाचे तास सूर्यावर अवलंबून असत. उजाडलें कीं यंत्रें सुरू व्हावयाचीं आणि दिसेनासें झालें कीं थांबावयाचीं. उन्हाळ्यांत दिवस मोठा म्हणून कामही मोठें. अशा स्थितींत कामकऱ्यानें गिरणीच्या जवळच राहिलें पाहिजे हें ओघानेंच आलें. गिरणीपासून पायीं दहापंधरा मिनिटांच्या टापूंत एकेका खोलींत दहादहा माणसें राहूं लागलीं. कोंकणांतून आणि देशावरून आलेल्या एकट्या पुरुषांनीं खोली भागीनें घ्यावी आणि खाणावळवालीकडे जेवावें, असा परिपाठ पडला.

या दाटीवाटीची कारणें अनेक सांगतां येतील. घरभाडें, गांवकीचे संबंध, दुकानदाराची उधारी हीं सारीं त्यांत येतात. पण मुख्य कारण ही वाटच होती. ट्रामचें भाडें रोज भरणें मजुराच्या आवांक्याबाहेरचें होतें, आणि उशीर झाला तर फाटक बंद होऊन त्या दिवसाची मजुरी बुडत असे. वाटेचा खर्च टाळण्यासाठीं कामकऱ्यानें हवा, उजेड आणि एकांत यांचा त्याग केला, असेंच म्हणावें लागतें. मालकानें वाहन दिलें नाहीं आणि कामकऱ्यानें तें मागितलेंही नाहीं. त्यानें आपलें घरच गिरणीच्या भिंतीला चिकटविलें.

१८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें गिरणी कामगारांनीं सरकारी मंडळापुढें जो अर्ज ठेवला, त्यावर साडेपांच हजार सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, आणि काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावें, अशा त्यांतील मागण्या होत्या. साडेसहाची मागणी करणाऱ्यांच्या मनांत ही पहांटेची वाट असली पाहिजे, हें उघड आहे. आणखी एक मागणी त्या अर्जांत होती: काम करतांना इजा झाल्यास बरें होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचें अपंगत्व आल्यास पोटापाण्याची सोय व्हावी. कायद्याच्या पुस्तकांत ही गोष्ट यावयास पुढें जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं.

दरम्यान गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यानें घातलेली मर्यादा त्यामुळें नाहींशी झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं गिरण्यांतून दिवसाचे चौदापंधरा तास काम होऊं लागलें. त्यावर ओरड झाली, चौकशी झाली, आणि १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरला. १९२२ सालीं आठवड्याचे साठ तास, १९३४ सालीं चौपन्न आणि १९४६ सालीं अठ्ठेचाळीस, असे तास उतरत गेले. माणसाचे तास कमी झाले, पण यंत्राला विश्रांति देण्याची मालकांची इच्छा नव्हती. म्हणून एका माणसाच्या लांबलचक दिवसाऐवजीं दोन किंवा तीन माणसांच्या पाळ्या आल्या. पाळीचें काम हें अशा रीतीनें एका सुधारणेचें अपत्य आहे. परंतु त्या सुधारणेबरोबर अपरात्रीं रस्त्यावर असणारा माणूसही जन्माला आला. चाळींतील खोल्यांवरही त्याचा परिणाम झाला. दिवसपाळीवाला उठून गेला कीं त्याच जागेवर रातपाळीवाल्यानें अंग टाकावें, असें पुष्कळ खोल्यांतून चाले.

इतर देशांत ही वाट निराळ्या रीतीनें सोडविली गेली. लंडन शहरांत आगगाडीचे रूळ घालण्यासाठीं गरिबांच्या वस्त्या पाडाव्या लागल्या, तेव्हां त्या लोकांनीं दूर जाऊन राहावें आणि पहांटेच्या गाडीनें कामावर यावें, अशी तोड निघाली. १८६४ पासून तेथें मजुरांसाठीं स्वस्त भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या. पुढें १८८३ च्या कायद्यानें संध्याकाळीं सहा ते सकाळीं आठ या वेळांत मजुरांसाठीं अशा गाड्या चालविण्यास रेल्वे कंपन्यांना भाग पाडण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तेथें हा भार मालकावर न पडतां रेल्वे कंपनीवर पडला. हिंदुस्थानांत जमालपूर येथें रेल्वेचा जो मोठा कारखाना १८६२ सालीं निघाला, तेथें मात्र मालक आणि रेल्वे एकच होते. कारखान्याला माणसें हवीं होतीं आणि माणसें आसपासच्या खेड्यांत आपली शेतीवाडी धरून राहात होतीं. म्हणून कंपनीनें त्यांच्या ने-आणीसाठीं वेगळ्या गाड्या सोडल्या. यांत दयाबुद्धीपेक्षां गरज अधिक होती, हें सांगावयास नकोच. पण मालकानें वाटेचा भार उचलला तर कामकऱ्याला आपलें गांव सोडावें लागत नाहीं, ही गोष्ट तेथें दिसून आली.

मुंबईंत सरकारनें १९२० नंतर वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या. उपनगरी आगगाडी १९२५ सालीं विजेवर धांवूं लागली आणि १९२६ सालीं मोटारबस आली. शहर पसरलें, तशी वाटही लांबली. आणि वाट लांबली तेव्हां त्या वाटेवरचे अपघात न्यायालयाच्या दाराशीं येऊन उभे राहिले.

१९२३ सालीं कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामामुळें आणि काम चालू असतांना जो अपघात घडेल, त्याची भरपाई मालकानें द्यावी, हें त्याचें सार. शब्द थोडे आहेत, पण त्यांत एक प्रश्न लपलेला होता. काम कोठें सुरू होतें आणि कोठें संपतें? मालकांचें उत्तर सोपें होतें: फाटकाशीं. फाटकाच्या आंतील माणूस आमचा, बाहेरचा रस्त्याचा. जर्मनीनें याच सुमारास, १९२५ सालीं, कामावर जाण्यायेण्याच्या वाटेवरील अपघात विम्याच्या कक्षेंत घेतला होता. येथें तसा कायदा नव्हता. म्हणून एकेका मरणाच्या निमित्तानें हें फाटक इंच इंच पुढें सरकवावें लागलें. आणि तें सरकविण्याचें काम बहुधा घरीं वाट पाहाणाऱ्या बायकांनीं केलें.

१९५२ सालच्या दोन घटना या दृष्टीनें एकमेकींशेजारीं ठेवण्याजोग्या आहेत. पहिली सौराष्ट्रांतील पोरबंदरची. खाडीच्या पलीकडे मिठागर होतें. तेथें जाण्यास जमिनीवरचा रस्ता होता, पण तो कित्येक मैलांचा वळसा. म्हणून मिठागराचे मजूर नावाड्याला पैसे देऊन नावेनें खाडी ओलांडीत. जूनच्या वादळी हवेंत, क्षमतेहून अधिक माणसें घेतलेली अशी एक नाव उलटली आणि मजूर बुडाले. त्यांच्या मागें राहिलेल्यांनीं भरपाई मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९५८ सालीं त्या न्यायालयानें सांगितलें कीं, कामाची हद्द कांहीं प्रसंगीं फाटकाच्या थोडी बाहेरही मानतां येते. परंतु ही नाव सार्वजनिक होती, तींत कोणीही बसूं शकत असे, आणि खाडीचा कांठही सर्वांना मोकळा होता. तेव्हां त्या वाटेवर मजूर हा मालकाचा नोकर नसून इतर उतारूंसारखा एक उतारू होता. भरपाई मिळाली नाहीं.

दुसरी घटना त्याच वर्षींच्या डिसेंबरमधील, मुंबईजवळच्या कुर्ला स्थानकावरील. रेल्वेचा एक नोकर स्थानकाला लागून असलेल्या रेल्वेच्याच चाळींत राहात असे. त्याची पाळी मध्यरात्रीं सुरू व्हावयाची. चाळींतून बाहेर पडण्यास स्थानकाच्या आवारांतूनच वाट होती. बाराला कांहीं मिनिटें असतांना तो घरांतून निघाला आणि त्या आवारांत कोणा अज्ञात इसमांनीं त्याला भोसकलें. त्याच्या विधवेनें दाद मागितली. रेल्वेचें म्हणणें असें कीं, खुनाचा आणि नोकरीचा संबंध काय? मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति महंमद करीम छगला यांनीं १९५४ सालीं या प्रश्नाचें जें उत्तर दिलें, तें पुढें अनेक निकालांत आधारभूत ठरलें. त्या अपरात्रीं, त्या निर्मनुष्य जागीं तो माणूस आपल्या हौसेनें गेला नव्हता. नोकरीनें त्याला त्या वेळीं त्या जागीं आणलें, आणि त्या वेळीं त्या जागीं असल्यामुळेंच त्याच्यावर संकट ओढवलें. खून त्याच्या खाजगी वैरांतून झाला, असें दाखविण्याची जबाबदारी मालकाची. ती पार पडली नाहीं, म्हणून भरपाई विधवेच्या पदरांत पडली.

पोरबंदरचा मजूर आणि कुर्ल्याचा नोकर या दोघांत माणूस म्हणून कांहींच भेद नव्हता. दोघेही कामावर निघाले होते आणि दोघांनाही दुसरा सोईचा मार्ग नव्हता. भेद होता तो वाटेच्या मालकीचा. एकाची वाट सर्वांची होती, दुसऱ्याची वाट मालकाची होती. न्याय असा जमिनीच्या मालकीवर अवलंबून राहिला, ही गोष्ट विचारी माणसाच्या मनाला लागून राहाते.

यापुढचें पाऊल मुंबईच्या बसगाड्यांनीं टाकलें. बेस्ट ही संस्था १९४७ च्या ऑगस्टमध्यें महापालिकेच्या ताब्यांत आली होती. तिच्या चालकांची पाळी पहांटे सुरू होई किंवा रात्रीं उशिरां संपे. आगारें शहराच्या एका टोकाला तर चालकांचीं घरें दुसऱ्या टोकाला. आज या आगारांत काम तर उद्यां दुसऱ्या. म्हणून गणवेशांत असलेल्या चालकाला संस्थेच्या कोणत्याही बसमधून विनामूल्य प्रवास करतां येत असे. १९५७ च्या जुलै महिन्यांत एक चालक दिवसाचें काम संपवून, आपली गाडी जोगेश्वरीच्या आगारांत लावून, घरीं सांताक्रूझला जाण्यासाठीं दुसऱ्या बसमध्यें बसला. ती बस घोडबंदर रस्त्यावर उभ्या असलेल्या एका मालमोटारीवर आदळली. चालक रस्त्यावर फेकला गेला आणि कांहीं दिवसांनीं रुग्णालयांत वारला.

भरपाईच्या आयुक्तांनीं त्याच्या विधवेचा अर्ज फेटाळला. काम संपलें होतें, गाडी आगारांत लागली होती, मग हा अपघात कामावरचा कसा? उच्च न्यायालयानें तिची बाजू मानली. संस्था सर्वोच्च न्यायालयांत गेली. तेथें १९६३ सालीं तीन न्यायमूर्तींपैकीं दोघांनीं विधवेच्या बाजूनें निर्णय दिला. न्यायमूर्ति सुब्बाराव यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा कीं, मुंबईसारख्या अफाट पसरलेल्या शहरांत चालकानें वेळेवर आणि ताजेपणानें कामावर यावें, ही संस्थेचीच निकड आहे. त्या निकडीपोटीं प्रवासाची सवलत दिली गेली. ती मेहेरबानी नव्हे, सेवेचाच एक भाग आहे. म्हणून चालक त्या बसमधून घरीं जात असतांनाही संस्थेच्या सेवेंत होता. तिसऱ्या न्यायमूर्तींचें मत निराळें पडलें. त्यांच्या मतें आगार सोडतांच चालकाचें काम संपलें होतें. दोन्ही बाजूंनीं विद्वत्ता होती. पण निकालानें एक गोष्ट प्रथमच स्पष्ट झाली. मालक जेव्हां कामकऱ्याला वाहन देतो, तेव्हां तें तो अंशतः स्वतःसाठींच देत असतो, आणि म्हणून त्या वाहनाची जबाबदारीही त्याची असते.

तो काळ नव्या उद्योगनगरांचा होता. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. ठाणें, अंबरनाथ, पिंपरी, चिंचवड अशा ठिकाणीं माळावर कारखाने उभे राहिले. तेथें भोंग्याच्या हांकेवर वस्ती नव्हती. कामगार पुण्याच्या पेठांतून किंवा लांबच्या उपनगरांतून यावयाचा. तीन पाळ्यांचें काम आणि रात्रीं सार्वजनिक गाडी नाहीं, अशा अवस्थेंत कंपनीची बस ही कारखान्याच्या यंत्रांइतकीच आवश्यक झाली. पुण्याच्या चौकाचौकांत पहांटेच्या अंधारांत डबा हातीं घेऊन उभ्या असलेल्या माणसांचे घोळके हें त्या काळाचें एक परिचित दृश्य होतें. कामगारसंघांच्या मागण्यांतही बसचे थांबे, वाहनभत्ता या गोष्टी येऊं लागल्या. १९६६ सालीं राज्य विमा कायद्यांत दुरुस्ती होऊन, मालकानें किंवा मालकाच्या वतीनें चालविलेल्या वाहनांतून येतांजातांना झालेला अपघात हा कामावरचाच अपघात मानावा, असें कलम घातलें गेलें.

परंतु याच कलमानें एक नवी विषमताही निर्माण केली. कंपनीच्या बसमध्यें बसलेल्याला संरक्षण मिळालें. ज्याच्या कंपनीनें बसच दिली नव्हती, तो उघड्यावर राहिला. १९७१ च्या जूनमध्यें केरळांतील एक कामगार सायकलीवरून कारखान्याकडे निघाला होता. त्याची पाळी साडेचारला सुरू व्हावयाची. सव्वाचारला, कारखाना सुमारें एक किलोमीटरवर राहिला असतांना, एका लॉरीनें त्याला धडक दिली आणि त्याच्या गळ्याजवळचें हाड मोडलें. पंचवीस वर्षें प्रकरण चालून १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, हा अपघात कामावरचा नव्हे. कामावर जावयास निघणें म्हणजे काम करणें नव्हे, हें त्या निर्णयाचें तात्पर्य. कायद्याच्या शब्दांना धरून पाहिलें तर तें चुकीचें होतें असें म्हणवत नाहीं. पण ज्या मालकानें कामगाराच्या वाटेसाठीं कांहींच केलें नाहीं, तो जबाबदारींतून मोकळा, आणि ज्यानें कांहीं केलें तो बांधलेला, असा त्याचा व्यवहारांत अर्थ होत होता.

या वाटेचा आणखी एक अध्याय स्त्रियांचा आहे. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तिनें स्त्रियांना रात्रीं कारखान्यांत कामास लावूं नये असा करार केला. हिंदुस्थानच्या कायद्यांतही तो निर्बंध आला आणि १९४८ च्या कारखाना कायद्यानें संध्याकाळीं सात ते सकाळीं सहा हा काळ स्त्रियांना वर्ज्य ठरविला. हेतु संरक्षणाचा होता. पण गिरण्यांत पाळ्या वाढूं लागल्या तसें, जिला रात्रीं लावतां येत नाहीं अशी कामकरी स्त्री मालकांना गैरसोईची वाटूं लागली. वाट सुरक्षित करण्याऐवजीं वाटसरूलाच घरीं बसविण्याचा तो उपाय होता.

२००० सालीं मद्रास उच्च न्यायालयानें हा निर्बंध समतेच्या तत्त्वाशीं विसंगत म्हणून रद्द केला. मात्र तसें करतांना त्यानें अटी घातल्या, आणि रातपाळीच्या स्त्रियांची घरापासून ने-आण ही त्यांतील एक होती. याच सुमारास पुणें, मुंबई, बंगळूर या शहरांत परदेशांतील गिऱ्हाइकांशीं दूरध्वनीवरून बोलण्याच्या कचेऱ्या रात्रभर चालूं लागल्या होत्या. तेथें मोटार थेट दाराशीं येई. मध्यमवर्गीय घरांतील मुलगी रात्रीं दहा वाजतां कामावर निघते, ही गोष्ट त्या मोटारीमुळेंच अनेक आईबापांनीं मान्य केली. आणि २००७ च्या नोव्हेंबरांत पुण्यांत त्याच विश्वासाला तडा गेला. रातपाळीला निघालेल्या एका तरुणीवर, कंपनीनें ठरविलेल्या मोटारीच्या चालकानें आणि त्याच्या साथीदारानें अत्याचार करून तिचा खून केला. वाहन देणें एवढ्यानें मालकाचें कर्तव्य संपत नाहीं; तें कोण चालवितो, वाटेंत आणखी कोण बसतो, पहिली चढणारी आणि शेवटची उतरणारी कोण, हेंही पाहावें लागतें, हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यांत, रात्रीं साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीनें कामावर ठेवावयाचें तर तिला घराच्या दारापर्यंत पोंचविण्याची सोय मालकानें केली पाहिजे, असा स्पष्ट उल्लेख आला. दारापर्यंत हा शब्द त्यांत आहे, तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

सायकलीवरच्या कामगाराची उपेक्षा संसदेनें २०१० सालीं दूर केली. राज्य विमा कायद्यांत नवें कलम आलें. घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत किंवा तेथून परत घरापर्यंत जातांना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिति यांवरून त्याचा कामाशीं संबंध दिसत असल्यास, कामावरचाच मानावा, असें तें कलम सांगतें. वाहन कोणाचें हा प्रश्न त्यामुळें मागें पडला. परंतु ही सवलत विमा असलेल्यांपुरती होती. १९२३ च्या जुन्या कायद्याखालीं दाद मागणाऱ्यांचें काय, हें अनिश्चितच राहिलें.

त्याचें उत्तर मराठवाड्यांतील एका कुटुंबामुळें मिळालें. एका साखर कारखान्यांत रात्रींचा पहारेकरी असलेला माणूस २००३ च्या एप्रिलमध्यें मोटारसायकलवरून कामावर निघाला. त्याची पाळी पहांटे तीनला सुरू होऊन सकाळीं अकराला संपत असे. त्या वेळीं कोणती सार्वजनिक गाडी मिळणार? कारखाना पांच किलोमीटर राहिला असतांना अपघातांत तो मृत्यु पावला. मागें पत्नी, मुलें आणि म्हातारी आई. भरपाईच्या आयुक्तांनीं कुटुंबाला रक्कम मंजूर केली. २०११ सालीं उच्च न्यायालयानें, अपघात कारखान्याबाहेर झाला म्हणून, ती नाकारली. पत्नी सर्वोच्च न्यायालयांत गेली. २९ जुलै २०२५ रोजीं त्या न्यायालयानें निकाल दिला कीं, २०१० च्या कलमांतील तत्त्व १९२३ च्या कायद्यालाही लागू धरलें पाहिजे, कारण दोन्ही कायदे कामकऱ्याच्या हिताच्या एकाच हेतूनें झालेले आहेत. पहारेकरी वेळेवर कामावर पोंचण्यासाठीं निघाला होता आणि त्याच्या प्रवासाचा व कामाचा संबंध उघड होता. आयुक्तांनीं मंजूर केलेली रक्कम कायम झाली. अपघाताला तेव्हां बावीस वर्षें होऊन गेलीं होतीं. त्याच वर्षीं २१ नोव्हेंबरला नवी सामाजिक सुरक्षा संहिता अंमलांत आली आणि जुना १९२३ चा कायदा निवृत्त झाला. घर आणि कामाची जागा यांमधील वाटेचें तत्त्व मात्र त्या संहितेनें आपल्यांत घेतलें आहे.

या साऱ्या इतिहासाकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट प्रत्ययास येते. फाटकापासून घराच्या दारापर्यंत कायदा पोंचला, पण तो मरणाच्या मागोमाग पोंचला. भरपाई ही मेलेल्या माणसाच्या घरांत जाते. बस मात्र जिवंत माणसाला घरीं आणते. म्हणून न्यायालयानें दिलेली रक्कम कितीही न्याय्य असली, तरी ती वाहनाची जागा घेऊं शकत नाहीं. ज्या कारखान्यांनीं पाळीच्या वेळेला धरून बस ठेवली, थांब्यांवर दिवा आहे कीं नाहीं हें पाहिलें, शेवटचा माणूस उतरल्याची नोंद ठेवली, त्यांना न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग कमी वेळां आला असेल. शिवाय आजही ठेकेदाराकडून घेतलेला पहारेकरी, इमारतींतील सफाई कामगार, रुग्णालयांतील रात्रींची परिचारिका अशा पुष्कळांना कायम नोकरांसाठीं असलेल्या बसमध्यें जागा नसते. पाळी तीच, अंधार तोच, वाट तीच. पण हजेरीची वही वेगळी.

१८८४ च्या अर्जावर सही करणाऱ्या साडेपांच हजार कामकऱ्यांना इजा झाल्यावर पगार मागण्याचें धैर्य झालें होतें. वाटेबद्दल त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं, कारण ती त्यांच्या दृष्टीनें त्यांचीच होती. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या काळांत ती वाट अर्धी मालकाची झाली. शहरांतील सुखवस्तु घरें रात्रीं दिवे मालवून निजतात तेव्हां वीज, पाणी, दूरध्वनि, रुग्णालय, आगगाडी हें सारें कोणीतरी जागत चालवीत असतो. तो कोणत्या वाटेनें कामावर गेला आणि सकाळीं कोणत्या वाटेनें परतणार, याची विचारपूस करणें हें त्याच्या मालकाचें काम तर आहेच. परंतु ज्यांची झोंप त्याच्या जागरणावर उभी आहे, त्या सर्वांचेंही तें थोडेंफार काम आहे.